इसांडल्वाना आणि रॉर्क्स ड्रिफ्ट: एका दिवसाची सहल नीट कशी आखायची

पहाटे डर्बनहून निघायचं, दुपारी रॉर्क्स ड्रिफ्ट, तिथून घाईघाईने इसांडल्वाना, जमलं तर वाटेत ब्लड रिव्हर आणि रात्री परत डर्बन. दक्षिण आफ्रिकेतल्या या जुन्या रणभूमी पाहायला जोहान्सबर्गला आमच्याकडे उतरणारे निम्मे पाहुणे हाच बेत घेऊन येतात. पहिल्या खेपेला मीही असाच गेलो होतो. इसांडल्वानाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा राखणदार कुलूप हातात घेऊन उभा होता. त्याने वीस मिनिटं दिली. पांढऱ्या दगडांचे ढीग पाहिले, फोटो काढले आणि आपण काय पाहिलं हे न कळताच परतलो. पुढे बऱ्याचदा गेलो, कधी पाहुण्यांना घेऊन, कधी एकटा, आणि चुका नेमक्या कुठे होतात ते ध्यानात येत गेलं. जवळजवळ सगळ्या चुका मैदानावर पाऊल ठेवण्याआधीच झालेल्या असतात.

टप्पा १: काय वगळायचं ते आधी ठरवा

क्वाझुलू-नेटाल प्रांतात रणभूमी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जागा एकाच लढाईच्या नाहीत, एकाच युद्धाच्याही नाहीत. ब्लड रिव्हर १८३८ मधली, बोअर (तिथे वसलेले डच वंशाचे शेतकरी) आणि तिथले झुलू लोक यांच्यातली. इसांडल्वाना, रॉर्क्स ड्रिफ्ट, ह्लोबाने, खांबुला आणि उलुंडी या १८७९ च्या इंग्रज-झुलू युद्धातल्या. टलाना, स्पिओनकॉप आणि लेडीस्मिथ इंग्रज-बोअर युद्धातल्या, म्हणजे १८९९-१९०० मधल्या. सगळं एका दिवसात कोंबलं की संध्याकाळी कोण कोणाशी का लढलं याची खिचडी होते.

म्हणून पहिल्या दिवसासाठी एकच तारीख धरा: २२ जानेवारी १८७९. सकाळी इसांडल्वाना, जिथे झुलूंनी इंग्रजांचा तळ उद्ध्वस्त केला; दुपारी रॉर्क्स ड्रिफ्ट, जिथे थोड्या इंग्रजांनी बचाव केला. या दोन जागा एकाच दिवसाच्या, एकाच फौजेच्या आहेत आणि लढाया झाल्या त्याच क्रमाने पाहता येतात.

उलुंडी याच युद्धातलं शेवटचं मोठं रण, ४ जुलै १८७९ चं. पण ते बरंच लांब आहे. नकाशावर जवळ दिसतं म्हणून त्याच दिवशी जोडू नका.

टप्पा २: मुक्काम, मोसम, कागद

आदल्या रात्रीचा मुक्काम डंडी या गावात करा, किंवा रॉर्क्स ड्रिफ्टच्या आसपासच्या एखाद्या लॉजवर. डर्बनहून किंवा जोहान्सबर्गहून डंडीला साधारण साडेतीन-चार तास लागतात. हाच प्रवास सहलीच्या दिवशी सकाळी केला, तर दिवसाचा सगळ्यात चांगला भाग हायवेवर जातो.

उन्हाळा तिकडे नोव्हेंबर ते मार्च. गवत हिरवं आणि उंच असतं, लढाईच्या दिवशी होतं तसं; पण दुपारी गडगडाटासह पाऊस येतो आणि उघड्या माळावर विजेचा धोका खरा असतो. जून ते ऑगस्ट हवा कोरडी, आकाश स्वच्छ, दूरवरचं दिसतं. मात्र सकाळी हात गारठतात आणि सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. माझी पसंती एप्रिल-मे. २२ जानेवारीच्या आठवड्यात स्मरणाचे कार्यक्रम असतात आणि खोल्या लवकर भरतात. तेव्हाच जायचं असेल तर कित्येक महिने आधी ठरवा.

भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. भारतातून येताना विमान नैरोबी किंवा अदिस अबाबाला बदलणार असाल, तर तिथला थांबा किती तासांचा आहे ते बघा. बारा तासांपेक्षा जास्त झाला तर पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. डंडीचा परिसर मलेरियाच्या पट्ट्यात येत नाही.

तपासा: तिकीट काढण्याआधी मुक्काम आणि गाइड यांची तारीख जुळते का ते पाहा. चांगले गाइड आधी भरतात, खोल्या नंतर.

टप्पा ३: गाइड निवडणं

गाइडशिवाय जाता येतं. तिकीट काढून आत जा, फिरा, कोणी अडवत नाही. पण इसांडल्वाना म्हणजे एक डोंगर, एक माळ आणि चुन्याने रंगवलेले दगडांचे ढीग. सांगणारा नसेल तर डोळ्यांना बाकी काही मिळत नाही. गडावर गेल्यावर जाणत्या माणसाने "हा बुजलेला दरवाजा, ही चोरवाट" असं बोट दाखवावं लागतं, तसंच हे आहे. इथे तर तटबंदीही नाही. पैसे वाचवायचे असतील तर हॉटेलात वाचवा.

दक्षिण आफ्रिकेत पर्यटकांना पैसे घेऊन फिरवणाऱ्या गाइडची सरकारी नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. त्याच्याकडे ओळखपत्र आणि बिल्ला असतो. तो दाखवायला सांगण्यात संकोच करू नका. नोंदणीतही प्रकार आहेत: कोणाला एकाच स्थळापुरती परवानगी, कोणाला अख्ख्या प्रांताची. तुमचा गाइड दोन्ही ठिकाणी बोलू शकतो ना, हे विचारून घ्या.

फोनवर किंवा मेलवर आणखी काही प्रश्न विचारा. वाहन कोणाचं? तुमच्याच गाडीत बसून येणारे गाइड असतात, स्वतःची उंच गाडी आणणारेही असतात. दर वेगळे पडतात. प्रवेश शुल्क आणि जेवण धरलंय का? गट किती जणांचा? घरच्या ज्येष्ठांना इंग्रजीचा वेग झेपणार नसेल तर खासगी सहल घ्या, म्हणजे मध्ये थांबून मराठीत सांगायला वेळ मिळतो.

आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा: "हल्ल्याच्या आधी झुलू फौज कुठे बसली होती, आणि ती बाजू तुम्ही दाखवणार का?" जो न्ग्वेबेनी खोऱ्याचं आणि इन्योनी कड्याचं नाव घेतो, त्याला घ्या. ज्याचं उत्तर थेट इंग्रज अधिकाऱ्यांच्या शौर्यावर आणि मिळालेल्या पदकांवर जातं, तो तुम्हाला अर्धीच लढाई दाखवेल. या मातीत आजही ज्यांची घरं आणि गुरं आहेत ते लढलेल्या झुलूंचे वंशज आहेत. त्यांच्या बाजूची हकीकत ऐकल्याशिवाय तिथून परतणं मला बरोबर वाटत नाही.

सावधान: फाटकापाशी गावातला एखादा तरुण "मी दाखवतो" म्हणत पुढे येईल. मनाने चांगलाही असेल, पण बिल्ला नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

टप्पा ४: आदल्या रात्रीचा अर्धा तास

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग गाइडच्या तोंडची नावं डोक्यावरून जातात. अर्धा तास पुरतो. एका कागदावर हाताने आकृती काढा.

मधोमध इसांडल्वानाचा डोंगर. त्याच्या पूर्व उतारावर इंग्रजांचा तळ. तळाच्या दक्षिण बाजूला खिंड, तिथून बैलगाड्यांची वाट पश्चिमेला रॉर्क्स ड्रिफ्टकडे जाते. ड्रिफ्ट म्हणजे आपल्याकडे नदीला उतार म्हणतात तो. इथे तो बफेलो नदीचा उतार, आणि नदीपलीकडे तेव्हाची इंग्रजी नेटाल वसाहत. तळाच्या उत्तरेला इन्योनीची लांब धार. तिच्या मागे, तळापासून साधारण ८ किलोमीटरवर, न्ग्वेबेनीचं खोरं. पूर्वेला माळावर एकटी शंकूसारखी टेकडी, आणि टेकडी व तळ यांच्यामध्ये पाण्याने कातरलेली ओघळ. तिला तिकडे डोंगा म्हणतात. हा शब्द दिवसभर कानावर पडेल.

आता माणसं. झुलूंचा राजा सेत्श्वायो. रणात फौजेची सूत्रं न्त्शिंग्वायो याच्याकडे, फौज सुमारे २०,००० ची. इंग्रजांचा सरसेनापती लॉर्ड चेम्सफर्ड. तो पहाटेच निम्म्याहून जास्त फौज घेऊन मंगेनी नावाच्या जागेच्या दिशेने निघून गेला होता. तळावर मागे राहिला इंग्रज अधिकारी पुलेन, आणि साडेदहाच्या सुमारास आपली तुकडी घेऊन येऊन मिळाला डर्नफर्ड. तळावर सगळे मिळून साधारण १,८०० जण. त्यांतले १,३०० हून अधिक मारले गेले. त्यांत इंग्रजांच्या बाजूने लढणारे आफ्रिकी शिपाईही शेकड्यांनी होते.

शेवटी झुलूंची व्यूहरचना. आकार बैलाच्या डोक्याचा: मध्ये छाती, दोन बाजूंना शिंगं, मागे राखीव कंबर. छाती समोरून गुंतवून ठेवते, शिंगं दोन्हीकडून वेढतात. फौज वयानुसार उभारलेल्या पलटणींची असे, त्यांना आमाबुथो म्हणत. कागदावर शिंगं काढून ठेवा. उजवं शिंग डोंगराच्या मागून खिंडीकडे आलं, डावं शंकूच्या टेकडीच्या बाजूने. मागची कंबर इसांडल्वानात फारशी लढलीच नाही. तीच पुढे नदी ओलांडून रॉर्क्स ड्रिफ्टवर गेली. सकाळ आणि दुपार जोडणारा दुवा हाच.

तपासा: कागद न बघता उत्तर कुठे, नदी कुठे, खिंड कुठे हे सांगता येतंय का? येत असेल तर झोपा.

टप्पा ५: सोबत काय

माणशी दोन लिटर पाणी, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन, घोट्यापर्यंतचे बूट, लांब पँट. गवतात गोचिड्या असतात आणि दगडांजवळ साप असू शकतो, म्हणून चपला-सँडल नकोत. हिवाळ्यात वाऱ्यासाठी जाकीट. असेल तर दुर्बीण. इन्योनीची धार तिच्यातून फार स्पष्ट दिसते.

शाकाहारींनी डबा घ्यावा. सहलीच्या जेवणात शाकाहारी हवं असल्यास दोन दिवस आधी कळवा. डंडीत भारतीय वंशाच्या लोकांची जुनी वस्ती आहे. बीन्स बनी मिळाला तर जरूर घ्या: पावाचा तुकडा पोखरून आत मसालेदार राजम्यासारखी उसळ भरलेली असते. फक्त तो रणभूमीवर न्यायचा पदार्थ नव्हे, रस गळतो. पेट्रोल डंडीतच भरा आणि थोडी रोकडही जवळ ठेवा.

गाडी भाड्याची असेल तर विम्याचा कागद वाचा. टायर, काच आणि कच्च्या रस्त्यावरचं नुकसान पुष्कळदा धरलेलं नसतं, आणि इथले शेवटचे टप्पे खडीचेच आहेत. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची.

टप्पा ६: सकाळ, इसांडल्वाना

सातला डंडी सोडा. न्कुथूमार्गे सव्वा ते दीड तास. रस्त्यावर गुरं आणि शेळ्या बिनधास्त उभ्या असतात, वेग बेताचा ठेवा. इथे लोक करतात ती सगळ्यात मोठी चूक म्हणजे रॉर्क्स ड्रिफ्ट जवळ पडतं म्हणून आधी तिथे जाणं. तसं केलंत की दिवस उलटा होतो. बचाव आधी पाहिला आणि ज्या पराभवातून तो उभा राहिला तो नंतर. अंतर थोडं वाढलं तरी चालेल, क्रम मोडू नका.

पोचल्यावर क्रम असा.

१. आधी सेंट व्हिन्सेंट मिशनच्या आवारातलं छोटं संग्रहालय. तिकीट तिथेच. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

२. जमत असेल तर फाटकात शिरण्याआधी गाइडसोबत इन्योनीच्या बाजूला जा. वाट खडबडीत आहे, म्हणून उंच गाडी हवी. धारेवर उभं राहून खाली पाहिलं की तळ तळहातावर ठेवल्यासारखा दिसतो. आणि पाठीमागे वळलात की ज्या खोऱ्यात २०,००० माणसं आवाज न करता बसून होती, ते कसं पूर्ण झाकलेलं आहे हे कळतं. दुपारच्या सुमारास घोडेस्वारांची टेहळणी करणारी तुकडी त्या काठावर आली आणि तिने खाली पाहिलं. त्या क्षणी लढाई सुरू झाली. सहलींमधून हाच थांबा पहिल्यांदा गाळला जातो.

३. फाटकातून आत शिरताच झुलू योद्ध्यांचं स्मारक आहे. शौर्यासाठी मिळणारी मण्यांची माळ, इसिक्वू, तिचा मोठा ब्राँझचा आकार. १९९९ मध्ये उभारलं. गाडीतून बघत पुढे जाऊ नका, उतरा.

४. मग डोंगराच्या पायथ्याला बसा. जाणते गाइड घडीच्या खुर्च्या सोबत आणतात आणि तासभर तिथेच सांगतात. तोंड पूर्वेला, माळाकडे.

सावधान: दक्षिण गोलार्धात भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, हिवाळ्यात तर चांगलाच कललेला. आपल्या सवयीने सावलीवरून दिशा ठरवाल तर उत्तर-दक्षिण उलटी होईल आणि सगळी लढाई आरशात दिसेल. होकायंत्र किंवा फोन वापरा.

५. ऐकून झाल्यावर चाला. डोंगराकडून ओघळीच्या दिशेने जा आणि पांढऱ्या ढिगांकडे पाहत राहा. प्रत्येक ढिगाखाली तिथे पडलेल्यांचे अवशेष पुरलेले आहेत. तळाच्या पुढे ते तुरळक, खिंडीकडे दाट, आणि खिंड ओलांडून नदीच्या उताराकडे त्यांची माळ लागलेली. रांग कुठे फुटली, माणसं कुठे गोळा झाली, कुठे पळाली, हे दगडच सांगतात. मला विचाराल तर सबंध सहलीतली हीच अर्धा तासाची चाल सगळ्यात मोलाची. या वेळी गाइडलाही गप्प राहायला सांगा. वारा असतो, लांबून एखाद्या गायीचं हंबरणं येतं, बाकी काही नाही.

ढिगांवर बसू नका, चढू नका, पडलेला दगड "नीट" लावायला जाऊ नका. ते थडगं आहे. जमिनीवर गंजलेली कडी, काडतुसाचं टोपण, काचेचा तुकडा दिसला तरी उचलू नका. तो गुन्हा आहे. ड्रोन परवानगीशिवाय नाही. जवळच्या घरांचे, माणसांचे फोटो विचारूनच काढा. एकाला "सावुबोना", अनेकांना "सानिबोना" एवढं म्हटलं तरी चेहरे खुलतात.

एक गोष्ट गाइडकडून जरूर तपासून घ्या. काडतुसांच्या पेट्या स्क्रूंनी घट्ट बंद होत्या, त्या उघडता आल्या नाहीत म्हणून तळ पडला, ही कथा फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात पेटीचं सरकतं झाकण एकाच स्क्रूवर असे आणि बंदुकीच्या दस्त्याच्या तडाख्याने निघे. खरी कारणं समोर दिसतात: निम्मी फौज दूर गेलेली, तळाला खंदक नाही की गाड्यांचा कोट नाही, शिपायांची रांग लांबच लांब ताणलेली, आणि समोरच्या फौजेला कमी लेखलेलं. दुपारी अडीचच्या सुमारास खंडग्रास सूर्यग्रहणही लागलं होतं. ते खरं आहे, मीठमसाला नाही.

तपासा: साडेबारा वाजले? निघा. राहिलेलं राहू द्या.

टप्पा ७: दुपार, रॉर्क्स ड्रिफ्ट

जेवण वाटेत किंवा पोचल्यावर, पण अर्ध्या तासात आटपा. पोटभर जेवून झाडाखाली आडवं झालात की दुपार गेली.

मध्ये फ्युजिटिव्ह्ज ड्रिफ्टचा प्रश्न येतो. पळणारे लोक जिथे नदीत उतरले ती ही जागा. पलटणीचं निशाण वाचवताना मेलेल्या मेल्विल आणि कॉगहिल यांची थडगी नेटालच्या काठावर आहेत. खासगी राखीव क्षेत्रातून जावं लागतं, त्यामुळे गाइडने आधी विचारून ठेवायला हवं. उन्हाळ्याचा मोठा दिवस असेल तर करा. हिवाळ्यात सोडा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा.

रॉर्क्स ड्रिफ्टला आधी शियाने टेकडीकडे पाहा. टेकडीमुळे इंग्रज जिथे लढले ती ख्रिस्ती मिशनची जागा वरून माऱ्यात येते, हे लक्षात आलं की पुढचं सोपं. मग आवारात या. मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून केलेला कोट कुठून कुठे होता, ते जमिनीवर दगडांच्या ओळींनी आखलेलं आहे. ती ओळ पायांनी चालून काढा. इस्पितळापासून, म्हणजे आताच्या संग्रहालयापासून, कोठाराच्या जागेवरच्या चर्चपर्यंत पावलं मोजा. ‘झुलू’ या सिनेमामुळे लोकांच्या डोक्यात मोठा किल्ला असतो, प्रत्यक्षात आपल्याकडच्या वाड्याच्या चौकाएवढी जागा पाहून ते थबकतात. सुमारे १५० जण आत, तीन-चार हजार झुलू बाहेर, आणि दुपारी साडेचारपासून जवळजवळ पहाटेपर्यंत लढाई. झुलूंचं नेतृत्व राजाचा भाऊ दाबुलामांझी करत होता, आणि नदी ओलांडून नेटालमध्ये शिरू नका ही राजाची आज्ञा मोडून.

११ व्हिक्टोरिया क्रॉसची (इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) यादी प्रत्येक गाइड सांगतो. तुम्ही पुढचं विचारा: लढाई संपल्यावर मैदानात पडलेल्या जखमी झुलूंचं काय झालं? त्यांना ठार मारण्यात आलं, हे नोंदलेलं आहे. चांगला गाइड हा प्रश्न टाळत नाही. इंग्रजांची दफनभूमी पाहाल तेव्हा झुलू मृतांना सामायिक खड्ड्यांत पुरलं ती जागाही विचारून बघा.

आवारातलं कला-हस्तकला केंद्र उघडं असेल तर विणकाम आणि कापडावरचं छपाईकाम पाहण्यासारखं असतं. खरेदी करायची असेल तर इथे करा.

टप्पा ८: परत, आणि दुसरा दिवस असेल तर

अंधाराआधी डांबरी रस्त्याला लागा. रात्री रस्त्यावरची काळी गाय दिव्यांच्या उजेडात शेवटच्या क्षणी दिसते. गाइडला खुशी द्यायची पद्धत आहे. चांगलं सांगितलं असेल तर हात आखडू नका.

दुसरा दिवस मिळाला तर ब्लड रिव्हर करा. झुलू नाव न्कोमे. तिथेही एक नेहमीची चूक होते: लोक एकाच काठावरून परततात. एका बाजूला ६४ ब्राँझच्या बैलगाड्यांचं कडं, बोअरांचं. समोरच्या काठावर शिंगांच्या आकाराचं न्कोमे संग्रहालय, झुलूंच्या बाजूने सांगणारं. मध्ये पादचारी पूल आहे. तो त्या दिवशी उघडा आहे का ते सकाळीच विचारा. बंद असेल तर गाडीने वळसा पडतो आणि त्यासाठी तासभर जास्तीचा धरावा लागतो.

त्याऐवजी गांधीजींच्या वाटेने जायचं असेल तर ठिकाणं वेगळी आहेत. जानेवारी १९०० मध्ये स्पिओनकॉपच्या लढाईतून त्यांच्या हिंदी पथकाने जखमी वाहून नेले. पथकात सुमारे १,१०० माणसं होती आणि बहुतेक गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर. त्यासाठी मुक्काम लेडीस्मिथला हलवा. आणि ११ नोव्हेंबर १९१३ रोजी, खाणकामगारांच्या संपानंतरच्या पदयात्रेबद्दल, त्यांना सक्तमजुरीची शिक्षा सुनावली गेली ती डंडीतच. टलाना संग्रहालय डंडीच्या कडेलाच आहे. निघायच्या दिवशी सकाळचे दोन तास त्यासाठी ठेवा.